एक्स बरोबर एक्स अधिक एक

पहिल्या सेमिस्टरला प्रोग्रामिंगच्या पेपरात मी नापास झालो. कोसाडच्या घरी पप्पांना सांगायचं कसं, हाच प्रश्न. खानदेशातून येऊन त्यांनी वीस वर्षं लूमवर काढली. "नसेल जमत तर चल माझ्यासोबत खात्यावर," एवढंच ते म्हणतील, याची भीती होती.

अडचण एकाच ओळीत होती: एक्स = एक्स + १. शाळेच्या गणितात हे चक्क खोटं. इथे '=' म्हणजे 'समान' नव्हे, तर 'उजवीकडची किंमत काढ आणि डावीकडच्या नावाला दे', हे मला कळलंच नव्हतं.

एका सिनियरने पायथन ट्यूटर उघडून दिलं. फिलिप गुओ यांनी २०१० साली बनवलेलं हे साधन प्रोग्रामची एकेक ओळ चालवतं आणि प्रत्येक ओळीनंतर मेमरीचं चित्र काढतं. करून बघा:

अ = ५
ब = अ
अ = ९

आता ब किती? मी म्हटलं ९. चित्रात ब पाचच राहिला! मग अ मध्ये संख्येऐवजी यादी ठेवली, ब = अ लिहिलं आणि अ च्या यादीत ९ जोडला. या वेळी ब मध्येही ९ दिसला. कारण चित्रात दोन बाण एकाच यादीकडे जात होते. दोन नावं, डबा एकच. पुस्तकात हे तीनदा वाचलं होतं, पण समजलं ते बाण बघून.

शेवटी पप्पांना सांगितलं. ते रागावले नाहीत. म्हणाले, "जॅकार्डवर डिझाइन चुकली तर आम्ही नुसतं कापड बघत बसत नाही. पत्ते एकेक करून तपासतो." पत्त्याला भोक असेल तिथला ताणा उचलला जातो, नसेल तिथला खाली राहतो. चार्ल्स बॅबेजने आपल्या यंत्रासाठी पत्त्यांची कल्पना याच जॅकार्ड मागावरून घेतली होती. म्हणजे पप्पा माझ्या आधीपासून प्रोग्राम तपासत होते!

स्क्रॅच (२००७) मध्येही असंच. ठोकळे जुळले तरच जोडले जातात, त्यामुळे स्वल्पविराम-कंसाच्या चुका होत नाहीत आणि डोकं तर्काकडे राहतं. पण नंतर टाइप करायला शिकावंच लागतं.

एक सावधगिरी मात्र ठेवा. नुसतं चित्र बघून काही येत नाही. हंडहाऊसेन, डग्लस आणि स्टास्को यांनी २००२ मध्ये अशा साधनांवरचे अनेक अभ्यास एकत्र तपासले. चित्र काय दाखवतं यापेक्षा विद्यार्थी त्या चित्रासोबत काय करतो, हे जास्त महत्त्वाचं, असं त्यांना आढळलं. म्हणून माझा नियम सोपा आहे: आधी कागदावर तक्ता करा, पुढच्या ओळीनंतर काय होईल ते लिहा आणि मगच बटण दाबा. उत्तर चुकलं तर आनंद माना, कारण नेमकं कुठे अडतंय ते सापडलं.

दुसऱ्या प्रयत्नात मी पास झालो. आता शनिवारी ज्युनियर मुलांसोबत बसतो. त्यांना पहिला प्रश्न तोच विचारतो: ब किती?