चार पावसाळे अधिक

प्रस्तावना

झाडांची निगा राखणे हे जुने आणि कष्टाचे काम आहे. रोपे वाढवणारे, कलमे बांधणारे, उंच फांद्या उतरवणारे असे अनेक कामगार या व्यवसायात असतात. काम करता करता त्यांचे वय वाढते, शरीर थकते. जाण मात्र वाढत जाते. थकणारे शरीर आणि वाढणारी जाण यांचा मेळ कसा घालावा, याचा विचार प्रस्तुत पाठात झाशी परिसराच्या आधारे केला आहे.

उद्दिष्टे

हा पाठ अभ्यासल्यानंतर तुम्हांला
• छाटणीची योग्य पद्धत सांगता येईल;
• वाढत्या वयाचा कामावर होणारा परिणाम स्पष्ट करता येईल;
• उतारवयाची तरतूद वेळीच का करावी, हे पटवून देता येईल.

१. झाशीची भूमी

झाशी म्हटले की मराठी माणसाला राणी लक्ष्मीबाई आठवतात. अठराव्या शतकात येथे मराठ्यांची सत्ता आली आणि अनेक मराठी कुटुंबे या शहरात स्थायिक झाली. बुंदेलखंडाची ही भूमी खडकाळ आहे. पाऊस बेभरवशाचा आणि उन्हाळा कडक असतो. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्याही वर जातो. कडुनिंब, बाभूळ, मोह, पळस, बोर आणि आवळा ही येथील परिचित झाडे होत.

शेतात पिकांबरोबर झाडेही वाढवणे, याला कृषिवानिकी म्हणतात. या विषयाचे राष्ट्रीय संशोधन केंद्र १९८८ साली झाशी येथे स्थापन झाले. २०१४ पासून ते ‘केंद्रीय कृषिवानिकी संशोधन संस्था’ म्हणून ओळखले जाते. त्याच वर्षी भारताने राष्ट्रीय कृषिवानिकी धोरण स्वीकारले. धोरण आणि संशोधन यांना महत्त्व आहेच; परंतु झाडावर प्रत्यक्ष चालतो तो कामगाराचा हात.

२. जखम आणि झाड

माणसाच्या त्वचेवरील जखम भरून येते. झाडाचे तसे नसते. तुटलेला भाग झाड पुन्हा जोडू शकत नाही. ते त्याभोवती कुंपण घालते आणि वरून नवे लाकूड चढवते. अमेरिकेतील वृक्षतज्ज्ञ ॲलेक्स शायगो यांनी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात असंख्य खोडे उभी चिरून ही गोष्ट दाखवून दिली.

म्हणूनच छाटणी विचारपूर्वक करावी लागते. जड फांदी एकाच घावात तोडली, तर ती आपल्या भाराने खोडाची साल ओरबाडत खाली येते. त्यासाठी तीन काप घेतात. पहिला काप खोडापासून सुमारे एक फूट अंतरावर, खालच्या बाजूने अर्धवट घ्यावा. दुसरा त्याच्या थोडा पुढे, वरून घ्यावा. त्यामुळे फांदी साल न सोलता पडते. उरलेला खुंट तिसऱ्या कापाने काढावा. मात्र फांदीच्या मुळाशी असलेल्या फुगीर भागाला धक्का लावू नये, कारण जखम झाकणारे नवे लाकूड तेथूनच वाढते.

३. वय बोलू लागते

तरुणपणी कामगार दोर कमरेला बांधून सहज झाडावर चढतो. चाळिशीनंतर गुडघे कुरकुरू लागतात, हाताची पकड सैल होते, तोल सावरायला वेळ लागतो. डोळा भरण्याच्या नाजूक कामात जवळचे नीट दिसत नाही. मराठीत तर जवळचे पाहण्याच्या चष्म्यालाच ‘चाळिशी’ म्हणतात!

बोरीचे उदाहरण घ्या. उत्तर भारतात बोरीची छाटणी भर उन्हाळ्यात, झाड विश्रांतीत असताना करतात. डोक्यावर ऊन आणि हातात काटेरी फांद्या. वय वाढले की तहान उशिरा जाणवते आणि घामही कमी येतो. त्यामुळे ज्येष्ठ कामगाराला उष्माघाताचा धोका अधिक असतो. पहाटे काम सुरू करणे, दुपारी सावलीत थांबणे आणि तहान लागण्याची वाट न पाहता पाणी पिणे आवश्यक आहे.

अनेकदा शरीर सूचना देते, पण मजुरी बुडेल या भीतीने कामगार ती ऐकत नाही. जुन्या सवयीच्या भरवशावर तो चढतो आणि अपघात होतो. वास्तविक त्याला काम सोडण्याची गरज नसते. कामाची वाटणी बदलण्याची गरज असते. तरुणाने वर चढावे. ज्येष्ठाने खाली राहून कोणती फांदी आधी उतरवायची ते ठरवावे, दोर सांभाळावा, पोकळ खोड आणि वाळकी फांदी ओळखावी. ‘चार पावसाळे अधिक पाहिलेला’ हा वाक्प्रचार येथे शब्दशः खरा ठरतो.

४. एक आदर्श

कर्नाटकातील होन्नळ्ळी गावच्या तुलसी गौडा शाळेत गेल्या नव्हत्या. लहान वयात त्या आईबरोबर वनखात्याच्या रोपवाटिकेत जाऊ लागल्या. सुमारे ३५ वर्षे त्यांनी रोजंदारीवर काम केले. नंतर त्यांना कायम नोकरी मिळाली. कोणत्या मातृवृक्षाचे बी केव्हा गोळा करावे, याचे त्यांचे ज्ञान अधिकाऱ्यांनाही थक्क करी. निवृत्तीनंतरही त्यांचे काम थांबले नाही. २०२० सालचा ‘पद्मश्री’ सन्मान त्यांनी नोव्हेंबर २०२१ मध्ये राष्ट्रपती भवनात अनवाणी जाऊन स्वीकारला. १६ डिसेंबर २०२४ रोजी त्यांचे निधन झाले.

५. उतारवयाची तरतूद

असा सन्मान फार थोड्यांच्या वाट्याला येतो. बहुसंख्य कामगारांना निवृत्तिवेतन नसते. २०१५ साली अटल पेन्शन योजना सुरू झाली. तीत साठीनंतर दरमहा १,००० ते ५,००० रुपये मिळतात. २०१९ साली प्रधानमंत्री श्रमयोगी मानधन योजना आली. तीत दरमहा ३,००० रुपयांची तरतूद असून, कामगार जेवढी रक्कम भरतो तेवढीच केंद्र सरकार भरते. परंतु दोन्ही योजनांत प्रवेशाचे वय १८ ते ४० आहे. म्हणजे गुडघे दुखू लागल्यावर जाग आली, तर दार बंद झालेले असते. म्हातारपणाचा विचार तारुण्यातच करावा लागतो, तो यासाठी.

अनुभवी हातांना कागदाचाही आधार मिळू शकतो. प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेत पूर्वज्ञानाची परीक्षा घेऊन प्रमाणपत्र देण्याची सोय करण्यात आली. आयुष्यभर केलेल्या कामाला त्यामुळे नाव मिळते.

झाडाचे वय खोडातील वलयांवरून कळते. बाहेरचे वलय कोवळे आणि जिवंत असते. आतले जुने लाकूड रस वाहत नाही, तरी झाडाला उभे ठेवते. ज्येष्ठ कामगाराचे स्थानही असेच आहे.

शब्दार्थ

डोळा भरणे – एका झाडाची कळी दुसऱ्याच्या सालीत बसवून कलम करणे
मातृवृक्ष – बियाण्यासाठी निवडलेले उत्तम झाड
उतारवय – वार्धक्याकडे झुकलेले वय

स्वाध्याय

१. फांदी तोडताना तीन काप का घेतात?
२. बोरीच्या छाटणीच्या वेळी ज्येष्ठ कामगाराने कोणती काळजी घ्यावी?
३. ‘दार बंद झालेले असते’ या विधानाचा अर्थ पाठाच्या आधारे स्पष्ट करा.
४. तुमच्या परिसरातील एखाद्या वयस्क कारागिराशी बोला. वयानुसार त्यांच्या कामात कोणते बदल झाले, ते आठ-दहा ओळींत लिहा.