जुनी, दुरुस्तीला आलेली स्पोर्ट्स कार: पुण्याहून परदेशी गेलेल्या कुटुंबांसाठी

पुण्याहून अमेरिकेत किंवा ब्रिटनमध्ये नोकरीसाठी गेलेल्या तरुण अभियंत्याला तेथील पहिल्या काही वर्षांत जुनी स्पोर्ट्स कार घेण्याचा मोह होणे स्वाभाविक आहे. कारण ज्या गाड्या त्याने पुण्यात केवळ मासिकांतून पाहिलेल्या असतात, त्या तेथे वापरलेल्या साध्या कौटुंबिक गाडीच्या किमतीत, कधी तिच्याहूनही स्वस्त मिळतात, आणि पिंपरी, भोसरी, चाकण या पट्ट्यात उमेदवारी केलेल्या माणसाला इंजिन उघडण्याची भीतीही वाटत नाही. दीर्घकाळ स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांचे या बाबतीतील सांगणे असे, की गाडीची किंमत हा प्रश्न दुय्यम असून ती दुरुस्त करणारे हात, तिला लागणारे सुटे भाग आणि तिची कागदपत्रे या तीन गोष्टी घेणाऱ्याच्या आवाक्यात आहेत की नाहीत, यावरच निर्णय व्हायला हवा. पुण्यात हात सहज मिळतात आणि भाग दुर्मीळ असतात, तर परदेशात भाग घरपोच येतात आणि हात परवडत नाहीत. पुण्याचा हिशेब तेथे जसाच्या तसा लावणाऱ्याचे नुकसान होते ते या उलटापालटीमुळे.

पुण्यातील मिस्त्री नाना पेठेत भाग न मिळाल्यास जुनाच भाग भोसरीतल्या एखाद्या लेथवर दुरुस्त करून घेतो, बुश नवे कातून बसवतो, आणि दिवसभराच्या मजुरीचा आकडा ग्राहकाला घाबरवणारा नसतो. परदेशातील वर्कशॉपमध्ये भाग दुरुस्त करण्याची पद्धत जवळजवळ उरलेली नाही. तेथे भाग बदलला जातो आणि प्रत्येक कामाला ठरवून दिलेल्या प्रमाण तासांप्रमाणे मजुरी लावली जाते, त्यामुळे भागाची किंमत किरकोळ असूनही त्याच्यापर्यंत पोहोचण्यासाठी गिअरबॉक्स उतरवावा लागत असेल, तर बिल गाडीच्या किमतीशी स्पर्धा करू लागते. पोर्शे बॉक्सटरची १९९६ ते २००४ या काळातील पहिली पिढी याचे उत्तम उदाहरण आहे. तिचे इंजिन आसनांच्या मागे, गाडीच्या मध्यभागी असते, आणि इंजिनातील मधल्या शाफ्टला आधार देणारे बेअरिंग, ज्याला आयएमएस बेअरिंग म्हणतात, ते निकामी झाल्यास संपूर्ण इंजिन वाया जाऊ शकते. हे बेअरिंग क्लच बदलताना बदलून घेणे सोयीचे असते, म्हणून अशी गाडी पाहताना ते काम झाल्याची पावती आहे का, हे रंग आणि चाके पाहण्याआधी विचारावे. पोर्शे ९४४ (१९८२ ते १९९१) या गाडीत हेच स्थान टायमिंग बेल्टचे आहे; झडपांची उघडझाप पिस्टनच्या गतीशी जुळवून ठेवणारा हा पट्टा तुटला, तर पिस्टन झडपांवर आदळतात आणि हेड खोलण्यावाचून गत्यंतर उरत नाही. पट्टा केव्हा बदलला याची लेखी नोंद नसेल, तर तो बदललेलाच नाही असे धरून त्याचा खर्च किमतीतून वजा करावा.

सर्वच जुन्या स्पोर्ट्स कार अशा जोखमीच्या असतात असे मात्र नाही. १९८९ मध्ये आलेली माझदा एमएक्स-५, जिला अमेरिकेत मियाटा म्हणतात, ती नवागताने प्रथम पाहावी अशी गाडी आहे. दोन आसने, उघडता येणारे छत, साधे चार सिलिंडरचे इंजिन आणि मागच्या चाकांना शक्ती अशी तिची रचना आहे, आणि २०१६ मध्ये तिची दहा लाखावी गाडी तयार झाली, इतका तिचा प्रसार असल्याने सुट्या भागांची ददात नाही. ब्रिटनमध्ये एमजीबी (१९६२ ते १९८०) याहूनही सोपी ठरते. तिचा संपूर्ण नवा सांगाडाही तेथे बनवून मिळतो, आणि कार्ब्युरेटरवर हात बसलेल्या पुणेकर मिस्त्रीच्या मुलाला तिच्यात अनोळखी वाटेल असे फारसे काही नाही. याउलट माझदा आरएक्स-८ ही २००३ ते २०१२ या काळातील गाडी कितीही स्वस्त मिळाली, तरी पहिली गाडी म्हणून घेऊ नये. तिच्यात पिस्टनऐवजी फिरता त्रिकोणी रोटर असतो, त्याच्या टोकांवरील सील झिजले की दाब कमी होतो, आणि हा दाब मोजण्यासाठी नेहमीचे कंप्रेशन मीटर चालत नाही, वेगळे उपकरण लागते.

इंजिनापेक्षाही ज्या दोषाकडे पुण्याहून गेलेल्या माणसाचे लक्ष जात नाही, तो म्हणजे गंज. पुण्यात मुंबईची किंवा कोकणातली गाडी घेताना पत्रा तपासण्याची रीत आहे, पण पुण्याच्याच गाडीबाबत तेवढी चिंता कोणी करत नाही. अमेरिकेच्या ईशान्य व मध्य-पश्चिम भागांत आणि ब्रिटनमध्ये हिवाळ्यात रस्त्यावर बर्फ वितळवण्यासाठी मीठ टाकतात, आणि ते खाऱ्या पाण्याच्या रूपाने गाडीच्या पोटात जाऊन बसते. वरून चकचकीत दिसणाऱ्या गाडीच्या दारांखालची पेटीसारखी पट्टी, जिला सिल म्हणतात, ती आतून पोखरलेली असू शकते; उघड्या छताच्या गाडीत तर ताकदीचा मोठा भार याच पट्टीवर असतो, त्यामुळे तेथला गंज हा केवळ दिसण्याचा दोष राहत नाही. गाडी लिफ्टवर चढवून खालून पाहिल्याशिवाय, आणि लोहचुंबक लावून पत्र्यावर पुटीचा थर आहे का हे तपासल्याशिवाय सौदा करू नये. यंत्राचा दोष पैशाने निघतो, पण सडलेला पत्रा कापून नवा जोडणे हे अत्यंत वेळखाऊ काम असून त्याची मजुरी तासांवर मोजली जाते. निवड करायची झाल्यास इंजिन थकलेले पण पत्रा कोरडा असलेली गाडी घ्यावी.

कागदपत्रांच्या बाबतीत परदेशात एक मोठी सोय आहे, आणि ती न वापरणे हा निव्वळ हलगर्जीपणा होय. ब्रिटनमध्ये तीन वर्षांहून जुन्या बहुतेक गाड्यांची दरवर्षी एमओटी नावाची तपासणी होते, आणि गाडीच्या क्रमांकावरून तिचे मागील निकाल, त्या वेळचे मैल आणि नापास न करता दिलेल्या ताकिदी सरकारी संकेतस्थळावर विनामूल्य पाहता येतात. सलग दोन-तीन वर्षे गंजाची ताकीद दिसली, तर विक्रेत्याचे बोलणे बाजूला ठेवावे. तेथील व्ही५सी हे नोंदणीपत्र गाडी कोणाच्या नावे नोंदलेली आहे एवढेच सांगते, मालकी सिद्ध करत नाही, म्हणून खरेदीची पावती व कर्जाचा बोजा नसल्याची खात्री स्वतंत्रपणे करावी लागते. अमेरिकेत टायटल हे मालकीचे पत्र असते, आणि त्यावर सॅल्व्हेज असा शेरा असल्यास विमा कंपनीने ती गाडी एकदा निकालात काढलेली आहे असे समजावे. अशा गाडीचा विमा उतरवताना आणि पुढे ती विकताना अडचणी येतात.

यानंतरचा विचार घेणाऱ्याच्या स्वतःच्या परिस्थितीचा. भाड्याच्या घरांच्या करारांत आवारात गाडी दुरुस्त करण्यास अनेकदा मनाई असते, आणि गॅरेज नसलेल्या माणसाने खोललेले इंजिन म्हणजे शेजाऱ्यांशी व घरमालकाशी ओढवून घेतलेला वाद. एच-१बी व्हिसावर असलेल्याची नोकरी गेली, तर पुढची सोय करण्यासाठी त्याला जास्तीत जास्त ६० दिवस मिळतात. त्या अवधीत चालू स्थितीतील साधी गाडी विकली जाते, सुट्या भागांच्या ढिगाऱ्यात असलेली स्पोर्ट्स कार विकली जात नाही. घरात रोजच्या वापराची एक भरवशाची गाडी आधीपासून असावी आणि खरेदीइतकीच रक्कम दुरुस्तीसाठी वेगळी ठेवता यावी, या दोन अटी पुऱ्या होत नसतील तर थांबावे, असे स्थायिक कुटुंबे आग्रहाने सांगतात, आणि हा आग्रह सर्वस्वी योग्य आहे.

परतताना गाडी पुण्याला नेऊ, ही आशा प्रारंभीच सोडून द्यावी. भारताच्या आयात धोरणानुसार वापरलेली गाडी सर्वसाधारणपणे उत्पादनापासून तीन वर्षांहून जुनी चालत नाही आणि ती उजव्या हाताच्या स्टिअरिंगची असावी लागते; तिच्यावर सीमाशुल्कही जबर आहे. अमेरिकेतील वीस वर्षांची डाव्या स्टिअरिंगची मियाटा या वाटेने येऊच शकत नाही.

ज्यांना गाडीशी नाते पुण्यातच ठेवायचे आहे, त्यांनी हौस पुण्यातच पुरवावी, आणि ती सर्वाधिक समाधानाची ठरण्याची शक्यता आहे. अस्सल दोन आसनी म्हटल्यास गोव्यात बनलेली, फायबरग्लासच्या अंगाची आणि रेनॉचे ११४९ सीसीचे इंजिन असलेली सॅन स्टॉर्म क्वचित विक्रीला येते. तिचा देह गंजत नाही, पण तिच्या इंजिनाचे भाग शोधणे कठीण आहे. वेगाची हौस चार आसनांत भागणार असेल, तर शेंद्र्याच्या कारखान्यातून निघालेली १.८ लिटर टर्बो इंजिनाची स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस किंवा रांजणगावची १४५ अश्वशक्तीची अबार्थ पुंटो यांचा विचार करता येतो.

पुण्यात कागदांची कसोटी अधिक कडक आहे. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांनी संपते, तपासणीनंतर ती पाच-पाच वर्षांसाठी वाढते, आणि १ एप्रिल २०२२ रोजी या नूतनीकरणाचे शुल्क देशी गाडीस ५,००० रुपये, तर आयात गाडीस ४०,००० रुपये झाले. शिवाय राज्याचा पर्यावरण कर भरावा लागतो. दिल्लीत १५ वर्षांपुढील पेट्रोल गाड्यांवर निर्बंध असल्याने तेथील गाड्या स्वस्तात पुण्यात येतात. त्यांच्यासाठी मूळ आरटीओचे ना हरकत प्रमाणपत्र आणि महाराष्ट्राचा कर हे दोन्ही हिशेबात धरल्यावर स्वस्ताई किती उरते ते पाहावे. इंजिन बदललेले असेल, तर त्याची आरसीवर नोंद असल्याशिवाय गाडीला हात लावू नये. पेट्रोलमधील २० टक्के इथेनॉल जुन्या रबरी नळ्यांना व सीलना सोसत नाही, म्हणून इंधनाच्या नळ्या पहिल्याच सर्व्हिसिंगला बदलाव्यात. मालक परदेशी असताना गाडी पुण्यात महिनोन्महिने उभी राहणार असेल, तर ती जो प्रत्यक्ष चालवणार त्या भावाच्या किंवा मेव्हण्याच्या नावेच नोंदवावी, कारण तपासणी, पीयूसी आणि विम्याचा दावा या साऱ्यांसाठी जागेवर हजर असलेला माणूस लागतो. आणि पाच वर्षांहून जुन्या गाडीचे विमामूल्य परस्पर संमतीने ठरत असल्याने पॉलिसी घेतानाच दुरुस्तीच्या पावत्या दाखवून ते वाढवून घ्यावे.