गोट्यांना झिलई आणि चिनीमातीचे भरण

महाराष्ट्राचा बराचसा प्रदेश ज्या काळ्या कातळाने व्यापला आहे, तो सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हारस थिजून बनला. थिजताना त्यात वायूच्या बुडबुड्यांच्या पोकळ्या राहिल्या आणि पुढे सिलिकायुक्त पाणी झिरपून त्यांत अकीक, कॅल्सिडोनी इत्यादी खडे तयार झाले. शेतात व ओढ्यांत हे खडे खडबडीत व निस्तेज दिसतात. त्यांचे खरे रंग झिलई दिल्यावरच प्रकट होतात.

ही कला भारतात फार जुनी आहे. लोथल येथील उत्खननात हडप्पाकालीन मणी बनविण्याचा कारखाना आढळला. गुजरातेत खंबायतचे कारागीर अकिकाचे मणी व बारीक चूर्ण कातडी पिशवीत भरीत, पिशवी ओली ठेवीत आणि दोन माणसे ती कित्येक दिवस एकमेकांकडे लोटीत. आजच्या यंत्रात पिशवीची जागा फिरत्या पिंपाने आणि माणसांची जागा विजेच्या मोटारीने घेतली आहे. तत्त्व मात्र तेच राहिले आहे.

पिंपात नेमके काय घडते?

आडवे पिंप सावकाश फिरू लागले की आतील दगड भिंतीबरोबर वर चढतात आणि वरचा थर उताराने खाली घसरतो. झिजण्याचे मुख्य कार्य या घसरणाऱ्या थरात होते. पिंप अर्धे रिकामे असेल, तर दगड घसरण्याऐवजी आपटतात आणि त्यांवर चंद्रकोरीच्या आकाराच्या भेगा उमटतात. उलट ते काठोकाठ भरले, तर घसरण्यास जागाच उरत नाही. म्हणून पिंपाचा सुमारे दोनतृतीयांश ते पाऊण भाग भरलेला असावा.

एवढ्याने काम भागत नाही, हे पुढील प्रयोगावरून कळेल. एक लिटरची बरणी साधारण सारख्या आकाराच्या गोट्यांनी भरावी आणि तीत मोजून पाणी ओतावे. सुमारे 400 मिलिलिटर पाणी मावेल. म्हणजे भरलेल्या दिसणाऱ्या बरणीत दोनपंचमांश जागा रिकामीच असते. आता गोट्यांबरोबर बारीक खडे मिसळून प्रयोग पुन्हा करावा. या वेळी पुष्कळ कमी पाणी मावेल.

पिंपातील ही पोकळी भरून काढण्यासाठी भट्टीत भाजलेल्या कठीण चिनीमातीच्या लहान नळकांड्या वापरतात. त्यांना सिरॅमिक भरण म्हणतात. लहान व मोठ्या अशा दोन आकारांच्या नळकांड्या एकत्र वापरणे हितावह असते. त्यांच्यामुळे दगडांचे परस्परांशी होणारे स्पर्श अनेक पटींनी वाढतात, दगडावरील खळग्यांच्या कडांपर्यंत अपघर्षक चूर्ण पोहोचते आणि मोठ्या दगडांची टक्कर सौम्य होते. पहिल्या टप्प्यात दगड झिजून पिंपातील पातळी खाली जाते. ती पूर्ववत करण्यासही हेच भरण उपयोगी पडते. चिनीमाती फार सावकाश झिजत असल्याने ते पुनःपुन्हा वापरता येते. ते वजनदार असल्यामुळे मोटारीच्या शक्तीचा मात्र विचार करावा.

चार टप्पे

प्रथम 60 ते 90 क्रमांकाचे भरड सिलिकॉन कार्बाइड घेतात, नंतर 150 ते 220 क्रमांकाचे, पुढे 500 क्रमांकाचे आणि शेवटी झिलईसाठी अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइडची अतिसूक्ष्म पूड. क्रमांक जितका मोठा, तितका कण बारीक. प्रत्येक टप्प्यास सामान्यतः आठवडा लागतो. प्रत्येक वेळी पाणी व चूर्ण घालून पिंप बंद करतात आणि मधूनमधून उघडून आत साठलेला वायू जाऊ देतात. टप्पा बदलताना दगड, भरण, पिंप व झाकण काळजीपूर्वक धुवावे. भरड चूर्णाचे थोडेसे कण जरी झिलईच्या टप्प्यात शिरले, तरी चार आठवड्यांचे श्रम ओरखड्यांनी वाया जातात. यासाठी झिलईचे भरण निराळेच राखणे उत्तम.

काठिण्याचा नियम

एका पिंपात एकाच काठिण्याचे दगड असावेत. रायपूरच्या समता कॉलोनीतील विद्यार्थ्याने हे विशेष ध्यानात ठेवावे, कारण त्या शहराखालचा खडक दख्खनी कातळ नसून त्याहून कितीतरी प्राचीन असा चुनखडक आहे. मोस यांच्या मापक्रमावर अकिकाचे काठिण्य सुमारे 7, तर चुनखडकाचे सुमारे 3 असते. अंगणातील फरशीचा तुकडा आणि नागपुराकडून आणलेला अकीक एकाच पिंपात घातले, तर अकीक घासला जाण्यापूर्वीच फरशीचा चिखल होईल. मऊ दगड वेगळे फिरवावेत आणि त्यांच्याबरोबर चिनीमातीऐवजी प्लास्टिकचे गोळे घालावेत. या गोळ्यांत चूर्ण रुतून बसते, म्हणून ते ज्या टप्प्यात वापरले त्याच टप्प्यासाठी राखून ठेवावेत.

सावधगिरी

अकीक कोरडा घासल्यास सिलिकेची सूक्ष्म धूळ उडते. ती वर्षानुवर्षे श्वासावाटे आत गेल्यास सिलिकोसिस हा फुप्फुसांचा असाध्य रोग जडतो. खंबायतच्या अनेक अकीक कारागिरांना तो भोगावा लागला आहे. बंद पिंपातील ओल्या पद्धतीत धूळ उडत नाही, हा तिचा सर्वांत मोठा गुण होय. उरलेला गाळ मोरीत ओतू नये, तो नळात घट्ट बसतो. तो वाळवून झाडूही नये. ओला असतानाच कागदात बांधून टाकावा. दगडाला तेज आणताना माणसाच्या आरोग्याचे मोल द्यावे लागू नये.