नऊ ते पाचची वीज

आमच्याकडे नगरच्या सावेडीत नवा टीओडी मीटर, म्हणजे कोणत्या वेळी किती वीज वापरली ते वेगळं मोजणारा स्मार्ट मीटर बसला, तेव्हापासून शेजारपाजारच्या बायका एकच विचारतात : दिवसा वीज वापरली की बिल खरंच कमी येतं का? येतं. महावितरणच्या स्मार्ट मीटरवाल्या घरगुती ग्राहकांना 1 जुलै 2025 पासून सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच या वेळेतल्या विजेवर युनिटमागे सूट सुरू झाली, सुरुवात 80 पैशांपासून. पण कमी म्हणजे किती, आणि त्यासाठी घरात कोणाला राबावं लागतं, हे मीटर बसायच्या आधीच समजून घेतलेलं बरं.

घड्याळ बघून वीज वापरणं आपल्या जिल्ह्याला नवं नाही. माझं माहेर राहुरी तालुक्यातलं. शेतीच्या थ्री फेजचा फेरा एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. रातपाळी आली की वडील बॅटरी घेऊन उसाला पाणी द्यायला निघायचे आणि बिबट्याच्या धास्तीने आई ते परत येईपर्यंत जागी असायची. कारखान्यांनाही वर्षानुवर्षं रात्री दहा ते सकाळी सहाची वीजच स्वस्त होती. सौरऊर्जेने हे गणित उलटं केलं. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना 2017 साली आली, तिच्या पहिल्या प्रकल्पांत आपलं राळेगणसिद्धी होतं. आता भर दुपारी वीज मुबलक असते आणि दिवेलागणीला ओढाताण होते. त्यामुळे दुपारची वीज स्वस्त करणं मला पटतं. वडिलांच्या पिढीने रात्री काढल्या, तशा पुढच्यांना काढाव्या लागू नयेत.

अडचण वेगळीच आहे. घरातली वीज कधी वापरायची, हे घरातल्यांच्या हातात फार थोडं असतं. नगरला पाणी मुळा धरणातून येतं, तेही बऱ्याच भागांत दिवसाआड. नळाला येईल त्या वेळी मोटर लावावी लागते, मग पहाट असो की रात्र. नागापूर एमआयडीसीतली पहिली पाळी गाठणाऱ्याची आंघोळ आणि मुलांचे डबे नऊच्या कितीतरी आधी उरकलेले असतात. म्हणजे सवलत सुरू होते तेव्हा गिझरचं काम संपलेलं. दिवे, पंखे, टीव्ही तर संध्याकाळचेच. हलवता येण्यासारखं उरतं ते वॉशिंग मशीन, इस्त्री, घरघंटी, आणि खालच्या टाकीतलं पाणी गच्चीवर चढवणं.

आता हिशेब मांडा. महिन्याला 100 युनिट वापरणारं घर धरू. फ्रिज चोवीस तास चालतो, त्याचा साधारण तिसरा हिस्सा आपोआप या आठ तासांत पडतो. असं काही न करता 30 युनिट दिवसा पडले तर 80 पैशांनी सूट 24 रुपये. धडपड करून आणखी 20 युनिट दिवसा आणले तर वर 16 रुपये. या 16 रुपयांसाठी नोकरी करणाऱ्या सुनेची किंवा गुडघे धरलेल्या सासूची दुपार अडकवू नका. त्यापेक्षा 100 युनिटांच्या वरच्या टप्प्यावर लक्ष ठेवा. तिथला दर जवळपास दुप्पट होतो, त्यामुळे त्या टप्प्यातलं एक युनिट वाचवणं हे कितीतरी युनिटं दिवसा नेण्यापेक्षा फायद्याचं.

आणि नऊ वाजले म्हणून सगळं एकदम लावू नका. आमच्या ओळखीच्या एका घरात मशीन, इस्त्री आणि गिझर एकाच वेळी सुरू व्हायला लागले. आठवडाभरात बोर्डावरचा प्लग पिवळा पडला, मग जळका वास. वायरमनने बोर्ड उघडून दाखवला, तर आतल्या वायरीचं आवरण कडक होऊन हाताला तुकडे येत होते. गिझरला आणि घरघंटीला स्वतंत्र 16 अँपिअरचा पॉइंट हवा, एक्स्टेंशन बोर्ड अजिबात नको. जुनं वायरिंग असेल तर आधी ते तपासून घ्या. आठ तास हातात आहेत, कामं एकामागून एक लावा.

भाड्याच्या घरात राहणाऱ्यांनी तर नीट विचारून घ्यावं. मालकाचा एकच मीटर, खोल्यांना सबमीटर आणि युनिटला ठरलेला एकच दर, असं असेल तर तुम्ही दुपारी कपडे धुतलेत तरी सूट मालकाच्या बिलात जाते. बिलावर दिवसाच्या वेळेतले युनिट वेगळे दाखवलेले असतात. ते बिल मागून बघा आणि आपला वाटा मागा. त्यात संकोच कसला?

माझी खरी काळजी पुढची आहे. केंद्राच्या 2023 च्या नियमांत सौर तासांचा दर किमान 20 टक्के कमी ठेवायला सांगितलं आहे, तसं जास्त मागणीच्या तासांत घरगुती दरही किमान 1.1 पट असावा असं लिहिलेलं आहे. तो बोजा अंगावर आला तर ज्यांना वेळ बदलता येत नाही तेच भरडले जातील. दोघंही कामावर जाणारं जोडपं, घरात ऑक्सिजन यंत्रावर असलेला रुग्ण, रात्री दहाला नळ येणारी गल्ली, यांनी वेळ बदलायची कशी? दिवसा मोटर लावा म्हणणाऱ्यांनी आधी नळाला दिवसा पाणी सोडावं.

म्हणून एक विनंती. वीजदराचा प्रस्ताव आला की राज्य वीज नियामक आयोग लोकांकडून लेखी सूचना आणि हरकती मागवतो. कारखानदारांच्या संघटना त्या नेमाने पाठवतात, घर चालवणाऱ्या बायकांकडून फारशा जात नाहीत. पुढच्या खेपेला तुमच्या गल्लीत पाणी किती वाजता येतं आणि नऊ ते पाच घरात कोण असतं, एवढं तरी चार ओळींत लिहून नक्की पाठवा.