पदवीनंतर थेट पीएच.डी. : किती वर्षे वाचतात?



मागच्या पालकसभेत एका आईंनी आम्हाला विचारले, "सर, मुलगी म्हणते एम.एस्सी. न करताच पीएच.डी. करता येते. खरे का?" "आधी एम.एस्सी. होऊ द्या," असे सांगून आम्ही मोकळे झालो. आमच्या वेळी तोच एक रस्ता होता. घरी येऊन नियम वाचले, तेव्हा आमचे उत्तर चुकल्याचे लक्षात आले. म्हणून हा लेख.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नोव्हेंबर २०२२ च्या नियमांनुसार चार वर्षांची, म्हणजे आठ सेमिस्टरची पदवी किमान ७५ टक्के गुणांनी मिळवणाऱ्यास पीएच.डी.च्या प्रवेशासाठी अर्ज करता येतो. राखीव प्रवर्गांना ५ टक्के सूट आहे. प्रवेश परीक्षा वा नेट आणि मुलाखत मात्र चुकत नाही. तीन वर्षांतच पदवी घेऊन बाहेर पडणाऱ्यास हा रस्ता नाही.

आता हिशेब करू. तीन वर्षे पदवी आणि दोन वर्षे एम.एस्सी., एकूण पाच. चार वर्षांची पदवी आणि एक वर्षाची एम.एस्सी., तरीही पाच. थेट गेलो तर चार. म्हणजे वाचते ते एकच वर्ष! पुढे पीएच.डी.ला किमान तीन आणि साधारण कमाल सहा वर्षे धरलेली आहेतच.

या एका वर्षाची किंमतही आहे. संशोधन मध्येच सोडावे लागले, तर हाती एम.एस्सी. नसते. महाविद्यालयात शिकवण्यासाठी २०१८ च्या नियमांत साधारणतः पदव्युत्तर पदवी मागितलेली होती. तेव्हा प्राध्यापक व्हायचे असेल, तर प्रवेशापूर्वी त्या वेळचे नियम जरूर तपासावेत.

अमेरिकेत चार वर्षांच्या पदवीनंतर थेट पीएच.डी. ही नेहमीची गोष्ट आहे. पण तेथे पहिली एक-दोन वर्षे वर्गात बसून अभ्यासच करावा लागतो. आपले जयंत नारळीकर काशीत शिकून १९५७ साली बी.एस्सी. झाले आणि १९६३ साली केंब्रिजची पीएच.डी. घेतली. मधल्या काळात त्यांनीही तेथील गणिताचा कठीण अभ्यासक्रम पुरा केला होता. थेट दिसणाऱ्या वाटेवरही तयारीची वर्षे असतातच.

बारावीच्या मुलांनो, ही तयारी कॉलेजच्या पहिल्या सेमिस्टरपासून सुरू होते. पहिल्या सहा सेमिस्टरमध्ये ७५ टक्के असतील, तरच चौथ्या वर्षी संशोधनासह ऑनर्सची संधी मिळते. त्या वर्षी स्वतःला विचारा : एकाच प्रश्नापाशी महिनोन्‌महिने बसणे आपल्याला आवडते का? उत्तर 'हो' आले, तर थेट जावे. नुसते वर्ष वाचवायचे असेल, तर एम.एस्सी. बरी.

मुलीच्या लग्नाची काळजीही त्या आईंनी हळूच बोलून दाखवली होती. याच नियमांत महिलांना दोन वर्षे अधिक मुदत आणि २४० दिवसांपर्यंत प्रसूती रजा दिलेली आहे. घर आणि संशोधन यांतून एकच निवडावे, असे नियम म्हणत नाहीत. आपणही म्हणू नये.

ताई, तुमच्या मुलीचे म्हणणे बरोबर होते. तिला शाळेत पाठवा, आम्ही तिच्याशी बोलू.