दगड, वेग आणि लोणार : गतिज ऊर्जा शिकवताना



नववीच्या ‘कार्य आणि ऊर्जा’ या पाठात मुलं गतिज ऊर्जेचं सूत्र पाठ करतात : अर्धा गुणिले वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग. पण ‘हा वर्ग नेमकं काय करतो?’ असं विचारलं की वर्ग शांत! आपला काळा दगड इथे छान मदत करतो.

आधी खडू घ्या. दोन्ही टोकं धरून हळू वाकवला तर बहुधा दोनच तुकडे होतात. तोच फरशीवर जोरात आपटला तर अनेक होतात. वाकवणं आणि आपटणं वेगळं असल्याने ही तुलना तंतोतंत नाही, हेही मुलांना सांगा. दगडात बारीक भेगा आधीपासूनच असतात. दाब हळू वाढला की सगळ्यात कमकुवत भेग वाढते, तिच्या आजूबाजूचा ताण उतरतो आणि बाकीच्या भेगा तशाच राहतात. फटका झटक्यात बसला तर ताण उतरायला वेळच मिळत नाही, खूप भेगा एकदम वाढतात. म्हणून तुकडे आणि भुगा जास्त होतो, ऊर्जाही जास्त शोषली जाते. म्हणजेच दगडाची ताकद हा एकच ठरलेला आकडा नसतो. (वर्गात हातोड्याने दगड मात्र फोडू नका, कपची डोळ्यात जाते.)

आता गणित करू. काशिमिऱ्याहून घोडबंदर रोडने खडीचा डंपर ताशी ७२ किमी, म्हणजे सेकंदाला २० मीटर वेगाने निघालाय. त्यातल्या १ किलो खडीची गतिज ऊर्जा २०० ज्यूल. हाच १ किलो दगड अवकाशातून सेकंदाला २० किलोमीटर वेगाने आला तर? वेग १००० पट, पण ऊर्जा १० लाख पट, म्हणजे २० कोटी ज्यूल! १ किलो टीएनटी स्फोटकाची ऊर्जा सुमारे ४२ लाख ज्यूल असते.

असा आघात आपल्याच महाराष्ट्रात झालाय, बुलढाणा जिल्ह्यातल्या लोणारला. तिथला दगडही काळा बेसाल्टच. विवराचा व्यास सुमारे १.८ किमी आहे. बेसाल्टमधून ध्वनी सेकंदाला साधारण ५ ते ६ किमी जातो. त्याहून वेगाने धडक बसल्यावर प्रचंड दाबाची आघात-लहर तयार होते. ऊर्जा दगड चुरण्यात, तापवण्यात, वितळवण्यात आणि दूर उडवण्यात खर्च होते. पूर्वी हे विवर ज्वालामुखीचं असावं असंही मानलं जाई. पण इथल्या दगडातलं फेल्डस्पार खनिज न वितळताच काचेसारखं झालेलं सापडलं. ज्वालामुखीत एवढा दाब निर्माण होत नाही. हे पुरावे १९७३ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले.

मुलं हमखास विचारतात, “मग तो अवकाशातला दगड तळ्याखाली पुरलाय का?” उत्तर सूत्रातच आहे. एवढ्या ऊर्जेत तो बहुतांशी वितळून, वाफ होऊन विखुरला.

पालकहो, हेच सूत्र दुचाकीलाही लागू आहे. ताशी ४० ऐवजी ८० चा वेग म्हणजे धडकेची ऊर्जा दुप्पट नाही, चौपट. हेल्मेटच्या आतला थर स्वतः चेपून त्यातली थोडी ऊर्जा शोषतो, सगळी नाही. मुलाच्या हाती गाडीची किल्ली जाण्याआधी हे गणित त्याच्याकडून एकदा सोडवून घ्या.