दूध-स्टेंटचं भांडण आणि तुमच्या पार्टचा रेट

व्हिडिओत गणित घाईत उरकलं, म्हणून इथे सावकाश मांडतो.

चाकणला माझं टूल्स-हार्डवेअरचं दुकान आहे. ड्रिल, टॅप घ्यायला येणारे बरेच जण स्वतः एक्स्पोर्ट करत नाहीत. ते मोठ्या व्हेंडरला माल देतात, पुढे तो परदेशी जातो. त्यांना वाटतं, दोन देशांच्या वाटाघाटींशी आपला काय संबंध?

अमेरिकेच्या जीएसपी योजनेत विकसनशील देशांचा ठराविक माल ड्यूटीशिवाय तिकडे जायचा. भारताचे काही ऑटो पार्टही त्यात होते. पण हा करार नव्हता, एकतर्फी सवलत होती. म्हणजे देणाऱ्याची मर्जी.

२०१७ मध्ये आपल्या सरकारने हृदयाच्या स्टेंटच्या किमतीवर मर्यादा घातली. अमेरिकेतल्या मेडिकल उपकरणवाल्यांनी तक्रार केली. तिथल्या डेअरीवाल्यांचीही तक्रार होतीच, कारण गाईंना प्राण्यांच्या अवयवांचं खाद्य दिलेलं नाही असा दाखला आपण मागतो. बोलणी जमली नाहीत आणि ५ जून २०१९ पासून भारताची सवलत बंद झाली. भांडण दुधाचं आणि स्टेंटचं, ड्यूटी लागली पार्टला!

सरकार म्हणालं, सवलतीचा फायदा वर्षाला साधारण १९ कोटी डॉलरचाच होता. देशाच्या हिशोबात किरकोळ. आता आपला हिशोब बघा.

समजा पार्ट १०० रुपयांचा, तुमचा नफा ६ रुपये. तिकडे ३ टक्के ड्यूटी लागली. ती भरतो अमेरिकेतला आयातदार, तुम्ही नाही. पण तो इकडच्या एक्स्पोर्टरला म्हणतो, रेट कमी कर. एक्स्पोर्टर व्हेंडरला म्हणतो, व्हेंडर तुम्हाला. सगळे ३ रुपये तुमच्याकडेच आले तर अर्धा नफा गेला. मशीनचा हप्ता मात्र तेवढाच राहतो.

म्हणून कोटेशन देताना विचारा, पार्ट कोणत्या देशात जातो आणि तिथे सवलत धरून रेट ठरलाय का. सवलत गेली तर फरक कोण सोसणार, हे पीओमध्येच लिहून घ्या. मोठा व्हेंडर दर वेळी ऐकेल असं नाही, पण विचारलं की निदान कळतं आपण कुठे उभे आहोत.

नवीन करारांच्या बातम्या ऐकून लगेच मशीन बुक करू नका. यूएईच्या करारावर १८ फेब्रुवारी २०२२ ला सह्या झाल्या आणि १ मेपासून तो लागू झाला. स्वित्झर्लंड-नॉर्वेच्या एफ्टा गटाशी १० मार्च २०२४ ला सह्या झाल्या, लागू व्हायला १ ऑक्टोबर २०२५ उजाडला. दीड वर्ष हप्ते कोण भरणार?

आणि करारातली सवलत आपोआप मिळत नाही. माल भारतातच बनलाय हे दाखवणारं सर्टिफिकेट ऑफ ओरिजिन लागतं. त्यासाठी एक्स्पोर्टर तुमच्याकडे स्टीलची बिलं मागू शकतो. ती फाइल आधीच लावलेली असेल तर दुसऱ्या सप्लायरपेक्षा तुम्ही त्याला सोयीचे.

आपल्या पार्टचा एचएस कोड शोधून ठेवा. पुढच्या व्हिडिओत तोच घेऊन बसू.